बागेतला ओढा
ओल्या सिमेंटचा वास आला, की जामखेडचा तो नव्वदीतला उन्हाळा आठवतो. गावात आठवड्यातून एकदा टँकर यायचा, आणि मी मात्र बोअरच्या जोरावर बागेत शोभेचा ओढा बांधून घेत होते. गवंड्याच्या हाताखालची बाई सिमेंट पक्कं व्हावं म्हणून रोज दोनदा त्यावर गोणपाट अंथरून पाणी मारायची. शेवटच्या दिवशी निघताना तिने घरी न्यायला एक हंडा भरला. "असं सगळ्यांनी नेलं तर आम्हाला कसं पुरायचं?" मी म्हणाले. "व्हय, बाई," एवढंच बोलून तिने तो हंडा, नवं काम उखडू नये म्हणून हळूहळू, ओढ्यावरच रिकामा केला. मी तिला थांबवलं नाही. परवा तो ओढा फोडायला घेतला, तर सिमेंट फुटता फुटेना.