फळीजवळची जागा

शंकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका ट्रॅक्टरखाली आडवा होतो. पलीकडून त्याचा मुलगा सुनील रडत होता, आणि माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते या पुरवणीत छापण्याजोगं नाही. ज्याच्याशी उभा जन्म भांडलो त्याने भांडण अर्धवट टाकून झोपेत निघून जावं, याला मी तरी पळपुटेपणाच म्हणतो.

दहाव्याला पाण्याकाठी भाषणं झाली. एक पुढारी गळा काढून म्हणाले, "शंकरनानांनी कधी कुणाला वाऱ्यावर सोडलं नाही." खरं आहे. नाना वाऱ्यावर सोडत नसत, काठावर सोडत. समोर बायकांमध्ये ठकूबाई पदर डोळ्यांना लावून बसली होती. या बाईने या माणसासाठी रडावं, हे बघून मला इतका संताप आला की पिंडाला कावळा शिवायची वाट न बघता मी उठून बाजूला गेलो.

ज्यांनी शंकरला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाटघर धरणाच्या फुगवट्यात त्याची लाँच चालायची. पलीकडच्या वाड्यांतल्या माणसाला भोरच्या बाजाराला यायचं तर ही लाँच, नाहीतर डोंगरातून पाण्याला वळसा घालून पायी, आणि तोवर बाजार उठतो. लाँचच्या पोटात डिझेल इंजिन होतं. हे इंजिन सकाळी धड लागायचं नाही. एकदा लागलं की दिवसभर तक्रार नाही, पण रात्रभर उभं राहिलं की सकाळी पुन्हा तोच तमाशा. कुठल्याही शहाण्या माणसाला यावर बॅटरी, डिझेल, हवा असं काहीतरी सुचलं असतं. शंकरला माणसं सुचायची. तो सेल्फचं बटण सोडून कमरेवर हात ठेवायचा आणि उतारूंवरून नजर फिरवायचा.

"आज कुनाचं पाय लागलं रं माज्या लाँचला?"

आणि नजर येऊन थांबायची ती ठकूबाईवर. ती पलीकडच्या धनगरवाड्यातली. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून गावाने तिला पांढऱ्या पायाची ठरवलेलं. लोण्याचा डबा घेऊन ती भोरला जायची, तेवढ्यावर तिचं चालायचं.

"ठके, उतर खाली."

ती उतरायची. शंकर पुन्हा सेल्फ मारायचा, आणि इंजिन लागायचं! सगळी लाँच माना डोलवायची. ठकूबाई काठावर डबा घेऊन उभी, आणि लाँच निघून जायची. दुपारच्या फेरीपर्यंत लोणी पातळ व्हायचं. गिऱ्हाईक किती दिवस थांबणार?

आता यातली गंमत ऐका. माझं वरव्याच्या फाट्यावर गॅरेज आहे, इंजिन काय बोलतं ते मला कळतं. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत. धूर मात्र अजिबात नाही, ना काळा, ना पांढरा. धूरच नाही म्हणजे डिझेल वर पोचतच नाही. टाकी खाली, इंजिन वर, आणि मधल्या पाइपाच्या जोडावर तांब्याचा वायसर, म्हणजे एवढीशी चकती, झिजलेला. तिथून रात्रभर हवा आत शिरायची आणि पाइपातलं डिझेल टाकीत उतरायचं. थेंबभरही बाहेर गळत नाही, म्हणून डोळ्याला काही दिसत नाही. आणि ठकूबाईला शिव्या घालता घालता या पठ्ठ्याचा हात डिझेल वर ओढणाऱ्या फीड पंपाच्या लिव्हरवर चालूच असायचा, रागाने, सवयीने. ती डबा सावरत काठाला टेकवलेल्या फळीवरून उतरेपर्यंत डिझेल पुन्हा वर आलेलं असायचं. म्हणजे इंजिन लावायचा तो स्वतः, आणि पाय ठरायचे तिचे.

हे मी त्याला समजावून सांगितलं. एकदा नव्हे, पाटी-पेन्सिल घेऊन शिकवावं तसं अनेकदा.

"तू तिकडं ट्रॅक्टर बघ," तो म्हणायचा. "माज्या इंजनात खोट न्हाई."

एकदा तो लेकीच्या सासरी गेला असताना मी गुपचूप वायसर बदलला. त्यानंतर इंजिन रोज पहिल्या झटक्याला लागायला लागलं, ठकूबाई लाँचमध्ये असताना. मला वाटलं, आता तरी डोकं उघडेल. शंकर मला म्हणाला, "ठकीनं कुन्या देवऋषाला दावलं वाटतं. पाय सुदारलं तिचं." मी कपाळावर हात मारून घेतला आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्याने माझ्यासमोर पाना घेऊन नवा वायसर काढला, पाण्यात भिरकावला आणि जुना ठोकून बसवला. दुसऱ्या दिवशी ठकूबाई पुन्हा काठावर.

तो मूर्ख नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. मूर्ख असता तर मी माफ केलं असतं. त्याला सगळं समजलं होतं. पण वायसर कबूल केला तर तिच्या तेवढ्या सगळ्या सकाळींचा जाब कोण देणार? त्यापेक्षा तिचे पाय वाईट असलेले बरे. असला भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही... आणि माझी बायको आजारी होती तेव्हा हाच भित्रा माणूस रोज शेवटच्या एसटीने येऊन माझ्या ओट्यावर बसून राहायचा. त्याची आठवण येते. येते, त्याला मी काय करू?

गेल्या आठवड्यात पलीकडे त्याच्या घरी मुक्काम केला आणि सकाळच्या फेरीला लाँचवर बसलो. आता सुनील चालवतो. त्याने सेल्फ मारला. धूर नाही. पोरगा भला आहे, कुणाकडे बघितलंही नाही त्याने. पण ठकूबाई उठली, डबा उचलला आणि फळीवरून खाली उतरली.

"ठकूबाई, कुठं निघालात?" मी ओरडलो.

"इंजान लागंना न्हवं," ती म्हणाली.

हत्यारांची पिशवी जवळच होती. मी तिथल्या तिथे वायसर बदलला, पाइपातली एअर काढली आणि तिला हाक मारली. "झालं. या आता वर."

"आदी चालू हुंदे, मंग येते."

सुनीलने सेल्फ मारला आणि इंजिन लागलं, ती काठावर असताना! उतारूंनी एकमेकांकडे बघून माना डोलवल्या. मेला तरी हा माणूस खराच ठरला.

त्या संध्याकाळी मी हट्टाने पुन्हा पलीकडे गेलो. दुसऱ्या सकाळी सगळ्यांच्या आधी लाँचवर चढलो आणि फळीजवळच्या जागेवर बसलो. ती ठकूबाईची नेहमीची जागा, उतरायला सोपी म्हणून धरलेली. मधे ऐसपैस बाकडं मोकळं होतं. ती आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"उटा मिस्त्री. ती माजी जागा हाय."

"आता कुणी उतरवणार नाही तुम्हाला. इंजिन नीट झालंय."

"व्हय," ती म्हणाली आणि तशीच उभी राहिली. शेवटी मी उठलो. ती बसली, डबा मांडीवर घेतला. सुनीलने सेल्फ मारला, इंजिन एका झटक्यात लागलं, आणि मग तिने फळीवर ठेवलेला एक पाय हळूच आत घेतला.