खाटेचा तिसरा नंबर

चर्चच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथं मोडकी बाकं टाकायचे. आता तिथं कुबड्या, वॉकर, चार व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या असा सगळा आजारपणाचा संसार मांडलेला असतो, आणि त्या संसाराचे धनी म्हणजे फिटरकाका. चौतीस वर्षं त्यांनी बसच्या डेपोत गाड्यांच्या पोटाखाली उताणं पडून काढली. निवृत्त झाले आणि पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्या नळांचे वायसर बदलून मोकळे झाले, तेव्हा काकूंनी हात जोडले. म्हणाल्या, पाना घेऊन माझ्या मागं फिरू नका, कुठंतरी जा. काका चर्चमध्ये गेले ते या खोलीचेच झाले.

सामान यायचं ते बहुतेक माणूस गेल्यावर. आजारी माणूस घरात असेपर्यंत त्याच्या खुर्चीला कुणी दुसऱ्याला हात लावू देत नाही, आणि तो गेला की तीच खुर्ची डोळ्यांसमोर नकोशी होते. मग रविवारच्या प्रार्थनेनंतर कुणीतरी ती खोलीच्या दाराशी ठेवून, मागं न बघता निघून जायचं. काका काही विचारायचे नाहीत. चाक फिरवून बघायचे आणि बेअरिंग गेलंय का, एवढंच बोलायचे. तोवर पाच-सहा जण बाह्या सरसावून बसलेले असायचे. बँकेतला साहेब साबणानं घासायचा, शाळेतल्या बाई गंज काढायच्या, कुणी फाटकी गादी शिवायचं. अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन देखभाल करणारी एक संस्था होती. तिची नर्सबाई बुधवारी येऊन नावं सांगायची आणि सामान त्या त्या घरी जायचं. वापरा, गरज संपली की परत करा. भाडं नाही, अनामत नाही, आणि तुम्ही कुठल्या देवाचे, ही चौकशी तर नाहीच.

सगळ्यांचा डोळा असायचा तो लोखंडी खाटेवर. दवाखान्यात असते तशी, हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर उचलणारी. ती एकच होती. म्हणून भिंतीवर काळा फळा टांगलेला, आणि त्यावर खडूनं नंबर. एकदा खुद्द फादरच्या सख्ख्या भावाला खाट लागली. काकांनी त्यांचं नाव पाचवं लिहिलं. फादर फळ्यापाशी येऊन नंबर वाचायला लागले. तेव्हा काका म्हणाले, "मान चर्चमध्ये, फादर. इथं नंबर." फादरना हे इतकं आवडलं की पुढं दोन प्रवचनांत त्यांनी ते आपलंच म्हणून खपवलं.

आणि मग काकू पडल्या.

बाथरूममध्ये पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हाड जुळत होतं, पण काकूंना पहिल्यापासून दमा. सपाट निजलं की छाती भरायची, बोलता बोलता ओठ निळसर व्हायचे. पाठ उचललेली ठेवा, डॉक्टरांनी बजावलं होतं. काकू अंगानं भरलेल्या, काका वाळल्या शेंगेसारखे. ते त्यांना उचलणार कुठून? चार उशांचा डोंगर रचायचा, तो तासाभरात ढासळायचा, आणि काकू घसरून मान वाकडी करून पडलेल्या सापडायच्या. दोन गल्ल्या सोडून राहणारी लेक येऊन-जाऊन हातभार लावायची, पण तिलाही तिचं घर होतं. काकांनी फळ्यावर काकूंचं नाव लिहिलं. तिसरं. पहिली शिंपिणीची सासू, दुसरा एका ड्रायव्हरचा बाप.

गुरुवारी खाट परत आली. ती वापरणारे म्हातारबाबा गेले होते.

लेक तावातावानं म्हणाली, बाबा, त्या खाटेचं तुटकं हँडल तुम्ही जोडलंत, नाहीतर ती भंगारात गेली असती. आईसाठी आणायला लाज कसली? संध्याकाळी फादर स्वतः घरी आले. घेऊन टाका, म्हणाले, कुणी ब्रसुद्धा काढणार नाही. काका छताकडे बघत हं म्हणाले. त्यांचं हं म्हणजे हो की नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनाही उमगलेलं नव्हतं. फादर गेल्यावर काकू पडल्या जागेवरून बोलल्या.

"तुमच्या नियमाला दोन पाय आहेत. मला सध्या एकच आहे."

शनिवारी टेम्पो आला. टेम्पोवालाही चर्चचाच, शनिवारचे तीन तास तो संस्थेसाठी गाडी फुकट काढायचा. खाट मागं बांधली आणि काका त्याच्या शेजारी बसले. चौकात शिंपिणीचं घर डावीकडे, काकांचं उजवीकडे. टेम्पोवाल्यानं न विचारता उजवीकडचा दिवा लावला. त्यानंही सगळं ऐकलं होतं. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा काकांनी हात हलवून डावीकडे दाखवलं.

शिंपिणीच्या एका खोलीत शिलाई मशीन भिंतीला सरकवून खाट बसवली. काकांनी हँडलचे बारा फेरे दिले. म्हातारी इंचाइंचानं वर आली, स्वतःच्या हातानं पेला धरला आणि घोटघोट पाणी प्याली. ठसका लागला नाही. शिंपीण कात्री हातात तशीच धरून रडायला लागली. एरवी या एका घटकेसाठी काका आठवडाभर राबायचे. त्या दिवशी मात्र त्यांना तिथं उभं राहवेना.

घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं आणि बोलणी खायला खाली मान घालून बसले. काकूंनी आधी विचारलं, म्हातारी बसली का? बसली, काका म्हणाले. बरं झालं, म्हणून काकू दम खायला थांबल्या.

"मला विचारलं असतंत ना, तर मीही तिलाच द्या म्हटलं असतं. पण तुम्ही विचारलं नाहीत. दान तुम्ही केलंत, पाठ माझी."

उत्तर नसलं की काकांचा हात हत्यारांकडे जायचा. ते उठले आणि थेट डेपोत गेले. जुन्या सोबत्यांनी चहा पाजला, भंगाराच्या ढिगातून छोट्या गाडीचा कैचीसारखा उघडणारा एक जॅक काढून दिला. रविवारी काका प्रार्थनेलाही गेले नाहीत. लेकीनं काकूंना खुर्चीत धरून ठेवलं, आणि काकांनी घरच्या लाकडी पलंगाच्या फळ्या मधोमध कापल्या, बिजागऱ्या ठोकल्या, डोक्याकडच्या अर्ध्या भागाखाली जॅक बसवला. काकू बघत होत्या. मी काय पंक्चर झालेय, त्यांनी लेकीला विचारलं.

पहिल्या खेपेला काकांनी हाताच्या सवयीनं जॅक भराभर फिरवला. फळ्या ताडकन वर आल्या आणि काकू घसरगुंडीवरून याव्यात तशा पायथ्याशी येऊन थांबल्या. त्यांनी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग त्यांनाच हसू फुटलं, हसण्यानं खोकला आला, आणि खोकल्यात हसत राहिल्या. काकांनी पायथ्याशी आडवी फळी ठोकली, गुडघ्यांखाली घोंगडीची गुंडाळी दिली. या खेपेला फेरे हळू, आणि थांब म्हणायचं काम काकूंचं. आठव्या फेऱ्याला त्या थांबा म्हणाल्या.

तीन आठवडे त्यांनी छत पाहिलं होतं. आता खिडकी दिसली. समोरच्या बाईनं पडदे बदलले आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही, अशी त्यांनी तक्रार केली, आणि मग तीन तास, घरघर न होता, झोपल्या.

खाट नेल्यापासून पाचव्या आठवड्यात शिंपिणीची सासू गेली. ड्रायव्हरच्या बापाला त्याचा थोरला मुलगा आपल्याकडे घेऊन गेला होता, त्याचं नाव पुसलं गेलं. खाट खोलीत आली आणि फळ्यावर सगळ्यात वर काकू. त्यांच्याखाली नवं नाव, जिन्यावरून पडलेला एक रंगारी. नर्सबाई म्हणाली, तुमच्याकडे तर सोय झालीय, रंगाऱ्याला देऊ ना? काकांच्या जिभेवर हो आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. थांबा, म्हणाले, विचारून येतो.

काकूंनी लगेच उत्तर दिलं नाही. त्या खाटेला गुडघे उचलायला वेगळं हँडल आहे ना, विचारलं. आहे, काका म्हणाले. गादी नीट आहे? कालच शिवलीय. रंगारी जाड की बारीक? बारीक.

"मग आणा ती. माझा नंबर आहे. हा पलंग रंगाऱ्याला द्या, आणि जॅक कसा फिरवायचा ते त्याच्या बायकोला माझ्याकडे येऊन शिकू दे. तुम्ही शिकवलंत तर माणूस भिंतीवर जाईल."

बुधवार होता. टेम्पो शनिवारी. काकांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी खाटेच्या चारही चाकांना तेल सोडलं आणि भर दुपारी ती रस्त्यावर काढली. खडखडाट करत, गाड्यांना बाजूला सारत, ते ती एकटेच ढकलत निघाले. वाटेत दोघांनी थांबवून विचारलं, आज कुणाकडे?

"आमच्याकडे," काका म्हणाले आणि ढकलत राहिले.