मागच्या अंगणातले धबधबे

बंगल्याच्या मागच्या अंगणात तळं खोदायचं आणि त्यावर खऱ्यासारखा दिसणारा छोटा धबधबा करून द्यायचा, हा माझा आणि शंकर गवंड्याचा नाशिकमधला धंदा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सुरू केला, तो दहा-बारा वर्षं चालला. दगड-सिमेंटच्या कामात कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. पण पाणी सोडलं की माणसं वेगळीच वागायला लागतात. काही किस्से तर मी घरीसुद्धा सांगितलेले नाहीत.

*

कॉलेज रोडला एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहायच्या. म्हणाल्या, "दिसायला कसाही चालेल, मला आवाज नीट हवा."

आम्ही दगड सरकवायचो, मोटर लावायचो. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि नकारार्थी मान हलवायच्या. शेवटी एक चपटा दगड तिरका बसला आणि पाणी अडखळत पडायला लागलं. बाईंनी हात वर केला. "बस, आता हलवू नका. हे असेच घोरायचे."

पुढे सर्व्हिसिंगला गेलो, तर तळ्याकाठी बाईंची खाट. शेजारी दुसरी. दुसरीवरची चादर चुरगळलेली.

*

सिन्नरच्या पुढच्या एका ओढ्यातून आम्ही काळे गुळगुळीत दगड आणायचो. एकदा शेळ्या वळणारी म्हातारी म्हणाली, "तेवढा नका नेऊ. त्याला पानी शिवत नाय." शंकर हसला आणि त्याने तोच दगड आधी टेम्पोत टाकला.

गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांकडे तो मधोमध बसवला. पाणी वरून आलं, दगडापाशी दुभंगलं आणि दोन्ही बाजूंनी खाली गेलं. उतार बदलला, बादलीने ओतून पाहिलं. दगड कोरडाच.

डॉक्टर खूश. "काय डिझाइन केलंय हो!"

दुसऱ्या दिवशी शंकरने त्यांना सांगितलं, दगडाला तडा गेलाय. आणि एकटाच जाऊन तो ओढ्यात परत ठेवून आला.

*

लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचा निरोप आला, "मोटर बिघडली. पाणी वर चाललंय." गेलो, तर मला पाणी नेहमीसारखं खालीच पडताना दिसत होतं. शेठच्या खुर्चीशेजारी शंकर थोडा वेळ बसला आणि उठला. "शेठ, बंद ठेवा," एवढंच म्हणाला. त्याला काय दिसलं, ते त्याने मला कधी सांगितलं नाही.

*

नाशिक रोडचे साळवे सर लहानपणी पेठ तालुक्यात राहायचे. तिथल्या धबधब्याखाली त्यांचा थोरला भाऊ आंघोळीला उतरला, तो सापडलाच नाही. सरांना तोच धबधबा अंगणात हवा होता. "हा दगड जरा डावीकडे. तो अजून पुढे झुकलेला होता." सगळं आठवणीतून. त्यांची बायको काम चालू असताना एकदाही बाहेर आली नाही.

मोटर सुरू केली. सर बराच वेळ बघत राहिले. मग चपला काढून तळ्यात उतरले, पडत्या पाण्यामागे हात घातला आणि दगडांच्या फटीतून एक चष्मा बाहेर काढला. जाड काळ्या फ्रेमचा, एका काडीला दोरा बांधलेला.

त्या फटीत थोड्या वेळापूर्वी मीच पाइप बसवला होता. हात खांद्यापर्यंत आत घालून.

बायकोने दारातूनच विचारलं, "काय सापडलं?"

सर शर्टाला काचा पुसत म्हणाले, "उतरताना दादा इथंच काढून ठेवायचा."