महाराजांच्या आडोशाला अकरा मावळे

माझा धाकटा भाऊ रडीचा डाव खेळतो. पन्नाशीला आला तरी खेळतो. हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलेय, तेव्हा इथे लिहायला मला कसलाही संकोच नाही.

तो डोंबिवलीला राहतो, मी ठाण्यात कोपरीला. दर भाऊबीजेला तो सकाळी येतो, मी ओवाळते, जेवणं होतात आणि मग आम्ही दोघं खाली उतरतो, लढाई करायला. आमच्या बिल्डिंगच्या आवारात मुलं दिवाळीचा किल्ला करतात. भाऊबीज झाली की तो मोडायचाच असतो, म्हणून त्या दुपारी तो आम्हाला मिळतो. भावाच्या ऑफिसातली काही मंडळी टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडून लढाया खेळतात. त्यांच्याकडचं नियमांचं जाडजूड परदेशी पुस्तक त्याने एकदा वाचून काढलं आणि त्यातले जमतील तेवढे नियम आम्ही किल्ल्यावर आणले.

मुख्य नियम दोनच. पहिला, दिसेल त्यालाच मारायचं. आपल्या मावळ्याच्या नाकापासून समोरच्या मावळ्यापर्यंत दोरा ताणायचा. मध्ये वीट, बुरुज काही आलं नाही तर तो दिसला. दुसरा नियम तोफेचा. जो दिसला त्याच्यावर बांगडी ठेवायची, आणि बांगडीच्या आत जेवढे सापडतील तेवढे गेले. तोफा दोघांना मोजक्याच. त्या संपल्या की ज्याचे जास्त उभे, तो जिंकला.

ऐकायला सोपं वाटतं ना? माझ्या भावाशी खेळून बघा एकदा! भाला दिसला म्हणजे माणूस दिसला का? किल्ल्यावर उगवलेल्या हळिवाच्या आड माणूस लपतो का? एकच पाय बांगडीत असेल तर तो मेला की नुसता लंगडा झाला? एका वर्षी तर माझ्या तोफेसाठी याने बायकोची दोन-चारची इवलीशी बांगडी आणली आणि स्वतःच्या तोफेसाठी माझी दोन-आठची मोठी मागितली. तोंड वर करून! तेव्हापासून मी वही ठेवते. भांडण झालं की निकाल वहीत, आणि तोही त्याच्याच हाताने लिहून घ्यायचा, म्हणजे पुढच्या वर्षी 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायची सोय नाही.

गेल्या भाऊबीजेला मात्र मला जिंकायचंच होतं. डॉक्टरांनी मला पिशवीचं ऑपरेशन सांगितलेलं, आणि त्यानंतर दोन महिने जड काही उचलायचं नाही अशी ताकीद दिलेली. आई माझ्याकडे असते. ब्याऐंशी वर्षांची आहे, पलंगावरून उठवताना तिच्या काखेत हात घालून उचलावं लागतं. गणपतीपासून मी भावाच्या मागे लागलेले, आईला दोन महिने ने. प्रत्येक वेळी उत्तर एकच, 'नेलं असतं गं ताई, पण तिला तुझ्याकडेच करमतं.' घ्या! आईला कुठे करमतं हे याला डोंबिवलीत बसून कळतं. आणि एकदा आईचं मन मध्ये आणलं की मी काय बोलणार? ऑपरेशनची तारीख मी दोनदा पुढे ढकलली.

त्या दिवशी श्रीखंड-पुरी चापून जिना उतरताना हा म्हणतो, 'चल ताई, हरलो तर नेतो दोन महिने. तू हरलीस तर विषय बंद.'

आणि मी हो म्हणाले. सरळ मागून मिळत नव्हतं, मग काय करणार!

आईला आम्ही आधीच खाली आणून किल्ल्याशेजारी खुर्चीवर बसवलं होतं. तिला हल्ली कमी ऐकू येतं असा आमचा समज.

याने सैन्य मांडलं आणि मी बघतच राहिले. किल्ल्याच्या माथ्यावर महाराज सिंहासनावर बसलेले असतात, मावळ्यांच्या दुप्पट मोठे. ते खेळात नसतात. त्यांना कोण मारणार? तर याने आपले अकराच्या अकरा मावळे सिंहासनाला खेटून दाटीवाटीने उभे केलेले.

'हे काय?' मी विचारलं.

'मांडणी.'

'महाराजांच्या आडोशाला लपतोस?'

'लपत कुठे? रक्षण करतोय. तुला महाराजांवर तोफ डागायची असेल तर खुशाल टाक बांगडी.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, मावळ्यांनी पुढे होऊन वार झेलायचे की महाराजांना पुढे करून मागे उभं राहायचं? आणि वर हाच मला पाप-पुण्य शिकवणार! त्या परदेशी पुस्तकात महाराजांबद्दल अवाक्षर नाही. तिकडच्या लोकांना असा प्रश्नच पडत नसेल. असला भाऊ नसेल त्यांना.

डाव सुरू झाला. हा जागचा हलेना. माथ्यावरूनच दोरा ताणून त्याने माझे पाच मावळे टिपले.

'तुझ्या माणसाला माझा दिसतो, तर माझ्या माणसाला तुझाही दिसतो,' मी म्हटलं. 'दोरा तोच आहे.'

'दिसू दे की. बांगडी कुठे ठेवशील?'

माझी शेवटची तोफ उरली होती. मी वही उघडली. तीन वर्षांपूर्वी पुठ्ठ्याचं देऊळ बांगडीत आलेलं, तेव्हाचा निकाल त्याच्या वळणदार अक्षरात होता: 'बांगडीत देऊळ, झाड, दगड आले तर ते तसेच राहतील. मावळे जातील.'

'महाराज खेळात नाहीत ना? मग तेही तसेच राहतील,' मी म्हणाले. महाराजांना हात जोडले आणि सिंहासनाचा कोपरा आत घेऊन बांगडी ठेवली. आत सहा सापडले. त्याचे पाच उरले, माझे सहा.

'आई, बघ ही! महाराजांवर तोफ डागली हिने!' भाऊ ओरडला.

'आणि तू त्यांच्या आड लपलास ते?' मी काय कमी ओरडते! 'हरलास! दोन महिने आई तुझ्याकडे. शब्द दिलायस.'

'हे जिंकणं नाही. मी नाही नेणार.'

'नाही नेणार म्हणजे? हरलायस तू. न्यावंच लागेल!'

'म्हणजे जो हरेल त्याच्याकडे मी,' खुर्चीतून आई म्हणाली. 'असंच ना?'

तिचा आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. एखादा नियम नीट समजून घ्यावा तसं विचारलं तिने.

'तसं नाही गं, आई.'

'मग कसं?'

वही माझ्या हातात उघडीच होती. भाऊ खाली बसून मावळे गोळा करायला लागला, त्याचे आणि माझे एकाच डब्यात. इतका वेळ मी रागाने भांडत होते. तो राग आता कुणावर काढायचा ते मला कळेना.

दोन दिवसांनी तो गाडी घेऊन आला. आईची औषधं, लुगडी, शेक घ्यायची पिशवी, सगळं मी भरून दिलं. तिला गाडीत बसवताना त्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. काच खाली करून ती मला म्हणाली, 'बरी झालीस की सांग. परत डाव मांडू नका.'