मीनाची फायनल

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आईबाबांपाशी नाही — आणि जिच्यापाशी सर्वांत आधी बोलायला हवं होतं, त्या मीनापाशी तर नाहीच.

मीना माझी धाकटी बहीण. इंग्लंडमध्ये लेस्टरला जन्मली, तिथेच वाढली. बाबा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, मी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला ज्युनियर डॉक्टर, आणि मीना गॅरेजमध्ये मेकॅनिक. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की आई म्हणायची, "ती इंजिनियरिंगमध्ये आहे." हसू नका. मला अजून त्याचा राग येतो. गाडीखालून काळे हात घेऊन बाहेर येणाऱ्या मुलीची लाज कसली? — पण तेव्हा मीही गप्पच बसायचो.

तर ही मीना स्टॉक कारच्या रेसमध्ये उतरायची. शहराबाहेर मातीचा एक छोटा ट्रॅक होता, भोवती तारेचं कुंपण. जुन्या गाड्यांना पुढेमागे लोखंडी बंपर ठोकायचे आणि एकमेकांना ढकलत, आपटत पुढे जायचं — तोच खेळ. लाल चिखलाचे गोळे कुंपणावर येऊन फुटायचे. तिथे ती एकटीच बाई, आणि एकटीच आपल्या रंगाची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कुंपणाला टेकून उभे असलेले काही जण तिला काय काय ओरडायचे, ते मी सांगणार नाही. "पाकी" हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द.

त्या रविवारी ट्रॅकचा नेहमीचा डॉक्टर सुट्टीवर होता. मीनानं माझं नाव सुचवलं. गॅरेजमधल्या सगळ्यांना सांगत सुटली होती — आज माझा भाऊ डॉक्टर म्हणून येणार!

पहिल्या रेसमध्ये दोघांनी ठरवून तिला घेरलं. धक्का देणं नियमात बसतं, मान्य. पण एकानं पुढे मुद्दाम ब्रेक मारायचा आणि दुसऱ्यानं मागून दणका द्यायचा — याला खेळ म्हणायचं? तिची गाडी गर्रकन फिरून कुंपणावर आदळली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! त्या दोघांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मीनानं मात्र गाडी मागे घेतली, वळवली, आणि तरीही चौथी आली. फायनलमध्ये पोचली.

कुंपणावर आदळलेल्याला डॉक्टरनं तपासल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, असा तिथला नियम. फर्स्ट एडच्या व्हॅनमध्ये ती माझ्यासमोर बसली. मी डोळ्यांत टॉर्च मारला, मान तपासली, वार विचारला, मघाशी काय झालं ते विचारलं. तिनं सगळं धडाधड सांगितलं.

"दादा, माझा डोका एकदम ओके आहे," ती हसत म्हणाली. तिचं मराठी असंच. "सोड ना लवकर. टायर बदलायची आहे."

व्हॅनच्या दारातून कुंपण दिसत होतं. तिथे आमचे कन्सल्टंट, हॉस्पिटलातले माझे वरिष्ठ, मुलांना घेऊन आले होते. ते सकाळी माझ्याशी दोन शब्द बोलले होते, पण मीना माझी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं — मी सांगितलंच नव्हतं. शेजारी ती ओरडणारी टोळी. म्हणजे फायनलभर पुन्हा तेच ऐकायचं? आणि ती जिंकलीच तर? चिखलानं माखलेली धावत येणार, सगळ्यांसमोर "दादा" म्हणून गळ्यात पडणार...

आयोजकानं दारातून डोकं आत घातलं. "काय डॉक्टर, उतरू देऊ का तिला?"

"नाही," मी म्हणालो. "मेंदूला मार बसलाय. अनफिट."

खोटं होतं ते. सपशेल खोटं. तुम्ही म्हणाल, बहिणीच्या काळजीपोटी केलं असेल. काळजी असती, तर मी त्या दोघांची तक्रार केली नसती का? मला फक्त तिथून निघायचं होतं. त्यांना धडका मारून जे जमलं नाही, ते मी एका वाक्यात केलं.

मीना भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. तिनं हळूच कपाळाला हात लावला. "खरंच, दादा?" मी मान हलवली. तिनं विश्वास ठेवला.

मग ते खोटं पोसावं लागलं. पुन्हा मार बसला तर जिवावर बेतेल, हेही मीच सांगितलं. तिनं गाडी विकून टाकली. साधं डोकं दुखलं तरी घाबरून फोन करायची. आणि मंडळात मला पाठ थोपटून म्हणायचे — भाऊ असावा तर असा! त्यांचा संताप यायचा मला. पण मी तरी एकदा "थांबा" म्हणालो का?

पुढे मीनाचं लग्न झालं, मुलगी झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्या मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला गो-कार्टिंगचं, छोट्या गाड्यांच्या रेसचं, बोलावणं आलं. मीना मलाही बरोबर घेऊन गेली. मुलीनं हेल्मेट हातात घेतलं आणि मीनाचा चेहरा पांढरा पडला.

"माझ्या डोक्याचा प्रॉब्लेम तिला पण आला असेल ना, दादा? तिला नको ना जाऊ देऊ?"

तेव्हा तरी बोलायचं. एवढं एकच वाक्य. काय जात होतं माझं?

"नकोच," मी म्हणालो.

पोरीनं हेल्मेट काउंटरवर परत ठेवलं. बाकीच्या मुली आत पळाल्या. ती आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि पार्टी संपेपर्यंत त्यांच्या फेऱ्या मोजत राहिली.