तालात नसलेला ढोल

कारगिलची लढाई चालू होती त्या उन्हाळ्यात पुसेगावजवळच्या आमच्या तांड्यावर फौजेतल्या भावाची कॅसेट आली. जवळच्याच गोरेगावचा एक जखमी जवान घरी परतला होता, त्याने ती आणून दिली.

"माझी त्याची भेट न्हाई झाली," तो म्हणाला. "एका ड्रायव्हरनं दवाखान्यात आणून देली."

शेजारचा टेप मागून आणला. "याडी, आमी मजेत हाव. गाणे म्हणून राहिलो," भाऊ म्हणाला. आईला आम्ही याडी म्हणतो. मग त्याने लेंगी, आमचं होळीचं गाणं, धरली. थाळी वाजत होती, रिकाम्या डब्यावर ठेका होता. परमुलखातले जवान शब्द न कळता मागून सूर ओढत होते आणि चुकले की हसत होते. मलाही हसू आलं.

तेवढ्यात धप्प आवाज झाला. मग दुसरा, जवळून. भाऊ जरा थांबला आणि आणखी जोरात गाऊ लागला. तिसरा आवाज झाला आणि कॅसेट तिथेच संपली.

"ढोल कोण वाजवून राहिलं?" याडी म्हणाली. "तालात न्हाई."

तांड्यात लेंगी याडीच धरायची. ताल चुकवणाऱ्याची चारचौघांत हजेरी घ्यायची.

"नवीन पोरगं असंल कोनी," मी घाईने म्हणाले.

"व्हय, तसंच असंल."

रोज संध्याकाळी ती मला कॅसेट लावायला सांगायची. तिसरा आवाज यायच्या आत मी बटण दाबायची. त्यानंतर भाऊ उरला की नाही, हे कुणाला विचारणार? मन चिंती ते वैरी न चिंती. तांड्याच्या तोंडाशी जीप थांबली तरी मी हातातलं काम टाकून दारात यायची. याडी मात्र भाकरी थापत बसायची. मला तिचा रागच यायचा, हिला कसं काहीच कळत नाही म्हणून.

दिवाळीच्या सुमारास भाऊ धडधाकट परत आला. माझ्या जिवात जीव आला.

पुढच्या होळीलाही त्याला सुट्टी मिळाली. सगळे जमले, डफावर पहिली थाप पडली आणि भावाने जमिनीवर अंग टाकलं. दोन्ही हात डोक्यावर. पोरं हसली, त्यांना वाटलं, जास्त झाली.

याडी त्याच्याजवळ गेली, धुळीतच बसली. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ऊठ लेकरा. हा आपला डफ हाय. ऐक, तालात हाय."