बर्फावरची निम्मी वाट

तळ्याकाठच्या ग्रानविक गावात घरं अकरा, पण हिवाळ्यात धूर निघतो तो एकट्या एव्हर्टच्या घरातून. बाकीचे मालक उन्हाळ्यात येणार, तळ्यात डुंबणार, "किती शांत आहे हो इथे!" म्हणणार आणि ऑगस्ट सरला की पसार होणार. शांत नसायला काय झालंय? बोलायला माणूस तर हवं!

पूर्वी तळं गोठलं की पलीकडच्या चर्चला बर्फावरूनच जायचं. वराती त्या वाटेनं गेल्या, शवपेट्याही गेल्या. वाट दाखवायला स्प्रूसची, म्हणजे सदाहरित सूचिपर्णी झाडाची, रोपटी बर्फात रोवायची. निम्मी इकडच्यांनी, निम्मी तिकडच्यांनी, आणि मध्ये भेटून कॉफी प्यायची. पुढे तळ्याला वळसा घालून पन्नास किलोमीटरचा रस्ता झाला. मग त्यावरची बसही बंद पडली. आता वाट आखणारे दोघंच उरले, इकडे एव्हर्ट आणि तिकडे त्याची शाळेतली मैत्रीण तोरा. खांदा गेल्यापासून एव्हर्टला होडी वल्हवता येत नाही, तोराकडे होडीच नाही आणि गाडी दोघांकडेही नाही. म्हणजे तोरा भेटणार ती हिवाळ्यातच, या वाटेनं.

यंदा रोपटी रोवत तो तळ्यातल्या बेटापर्यंत पोचला, पहार मारली, तर पहिल्याच घावाला पाणी वर आलं. डावीकडे तेच, उजवीकडे तेच. समोर तोराची हिरवी रांग पार मध्यापर्यंत आलेली. 'अंगानं हलकी आहे, येईल निभावून,' असं क्षणभर त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. वाट बंद म्हणजे आपली झाडं उपटायची, ही रीत. त्यानं एकूण एक उपटलं.

संध्याकाळी फोन वाजला.

"काय रे, झाडं कुठायत तुझी? आळशी झालास की भित्रा?"

"बर्फ धरत नाहीये, तोरा. येऊ नकोस."

"आणि वेलदोड्याचे पाव केलेत, ते कुणाच्या घशात घालू?"

"तुझ्याच घाल. बर्फावर पाऊल टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे!"

"गाठच तर पडत नाहीये ना, मेल्या."

फोन मात्र बराच वेळ कोणी ठेवला नाही.

तोरानं आपली झाडं काही उपटली नाहीत. एव्हर्ट रोज सकाळी दुर्बीण लावायचा. रांग जागच्या जागी. बाई अजून आशा धरून बसलीय, या विचारानं त्याचा जीव तुटायचा.

एप्रिलमध्ये बर्फ फुटला आणि वारा इकडच्या दिशेनं सुटला. तोराची झाडं तरंगत त्याच्या धक्क्याला येऊन लागली. गमबूट चढवून तो पाण्यात उतरला, सगळी गोळा केली आणि घरात जाऊन फोन लावला.

"तुझी झाडं पोचली गं इकडे."

"चला," तोरा म्हणाली, "कोणीतरी पोचलं."